शब्दाचं बाळंतपण कुणी केलं?

गेल्या वर्षी दिवाळीच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. वस्तीतल्या आमच्या गटाची शनिवारची बैठक होती. विषय रेशनकार्डाचा होता, पण कुणाचंच लक्ष लागत नव्हतं. एकीकडे नणंदा यायच्या होत्या, दुसरीकडे दीर-जावा गावाहून उतरणार होत्या. तिसरीचा नवरा सामानाला पैसे देत नव्हता, पण चकल्या कधी करणार हे मात्र रोज विचारत होता. शेवटी मी रेशनकार्डाचे कागद बाजूला ठेवले आणि त्यांना एक परका शब्द सांगितला : 'रादीदिन'. नावाला सण, पण कामानं इतका भरलेला की तो येऊच नये असं वाटावं. त्यात पाहुणे भरपूर आणि कुणीही इकडची काडी तिकडे करणार नाही. एवढा सगळा अर्थ त्या एका शब्दात आहे.

बायका खळखळून हसल्या. "ही कुठली भाषा, ताई?" मी सांगितलं, अमेरिकेतल्या एका बाईनं ही भाषा बनवली. "बनवली म्हणजे?" म्हणजे बसून, ठरवून तयार केली. "मग आपणही करू की!" असं म्हणत शब्दांची भेंडी लागली. कुणी 'घामदिवाळी' म्हटलं, कुणी आणखी काही. त्यातून 'राबसण' हा शब्द सगळ्यांना पटला आणि तो टिकला. आजही आमच्या गटात "यंदा राबसण कसा गेला?" असं विचारतात.

त्याच बैठकीत चार घरी धुणंभांडी करणाऱ्या एक मावशी मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचा राबसण तुमच्या घरात. आम्ही आधी चार घरचा करतो, मग आमचा. त्याला काय म्हणायचं?" याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. मी "पुढच्या बैठकीत बघू" म्हणाले आणि विषय तिथेच राहिला.

पुढे वार्षिक अहवाल लिहिताना मी एक वाक्य टाकलं : 'संस्थेने स्त्रियांच्या अनुभवातून "राबसण" हा नवा शब्द घडवला.' वाक्य छान दिसत होतं. अहवाल गटात वाचून दाखवला, तेव्हा ज्या बाईच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा निघाला होता तिनं शांतपणे विचारलं, "संस्था म्हणजे कोण हो, ताई?"

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिते आहे. आपण नवे शब्द घडवतो, त्याचा अभिमानही बाळगतो. पण ते कुठून आले याची जी गोष्ट आपण सांगतो, ती कोण लिहितं? त्यात कोण दिसतं, कोण पुसलं जातं? ज्या भाषेतून मी 'रादीदिन' उचलला, तिची कहाणी या बाबतीत फार बोलकी आहे.

त्या भाषेचं नाव लाआदान. ती घडवणाऱ्या सुझेट हेडन एल्जिन (1936-2015) या भाषाशास्त्रज्ञ होत्या. पाच मुलांची आई, शिवाय विद्यापीठाची फी भरायची म्हणून विज्ञानकथा लिहायला लागलेली बाई. अमेरिकेच्या मूळनिवासींपैकी नावाहो लोकांच्या भाषेचा त्यांचा अभ्यास होता. पुढे बोलण्यातल्या हिंसेला शब्दांनीच तोंड कसं द्यावं, यावर त्यांनी लिहिलेलं पुस्तक तिकडे खूप वाचलं गेलं. आपल्या सल्ला केंद्रांना आजही कामाला येईल असा तो विषय आहे.

1982 साली त्यांनी लाआदान रचायला घेतली. त्यांचा प्रश्न साधा होता. आजच्या भाषांत बायकांना जे जाणवतं ते सांगायला शब्द नाहीत, एखादी गोष्ट सांगायला चार वाक्यं लागतात आणि चौथ्या वाक्यापर्यंत समोरचा ऐकणं सोडून देतो. मग बायकांच्या जाणिवेला सोयीची भाषा मुद्दाम बनवली तर काय होईल? बायका ती उचलतील? किंवा "ही नको, आम्ही याहून चांगली करू" असं म्हणतील? हे पाहायला त्यांनी दहा वर्षांची मुदत ठेवली. 1984 मध्ये 'नेटिव्ह टंग' ही कादंबरी आली, 1985 मध्ये लाआदानचा पहिला शब्दकोश आणि व्याकरण.

आता मुद्द्याची गोष्ट. भाषा एकटीनं बनवली असली तरी एल्जिनबाईंनी कादंबरीत तिला स्वतःचा असा इतिहास दिला, आणि तो विचारपूर्वक दिला. कादंबरीत 1991 साली अमेरिकेत बायकांचा मताधिकार काढून घेतला जातो आणि कायद्यानं बायका कायमच्या अज्ञान ठरतात, म्हणजे बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या ताब्यात. त्यानंतर दोनशे वर्षांनी परग्रहावरच्या लोकांशी व्यापार चालू असतो आणि त्यासाठी दुभाषे लागतात. हे काम भाषातज्ज्ञांची मोजकी घराणी करतात. त्या घराण्यांतल्या मुली लहानपणापासून दुभाष्या म्हणून राबतात आणि मुलंही जन्माला घालतात. मूल होण्याचं वय उलटलं की त्यांची रवानगी 'वांझ घरा'त होते. पुरुषांनी या घराला दिलेलं नावच ते. निरुपयोगी म्हाताऱ्या तिथे विणकाम-भरतकाम करत बसतात, असं पुरुषांना वाटतं.

त्या म्हाताऱ्याच पिढ्यान्‌पिढ्या भाषा बनवत असतात. पुरुषांना दाखवायला त्यांनी एक खोटी भाषा ठेवलेली असते, अवजड आणि हास्यास्पद. बायकांचा खुळा छंद म्हणून पुरुष तिला हसतात. त्या हसण्याच्या आड खरी भाषा वाढत राहते. जे जाणवतं पण ज्याला आजवर नाव नव्हतं, अशा एकेका गोष्टीला नाव द्यायचं, हे तिथलं सगळ्यात मोलाचं काम मानलेलं आहे. इतकंच नाही, कादंबरीच्या सुरुवातीला जी काल्पनिक प्रस्तावना आहे, तिच्यात हे पुस्तकच कुणा एका लेखिकेचं नसून वांझ घरातल्या बायकांनी लिहिलेलं आहे असं म्हटलं आहे.

एका बाईनं काही महिन्यांत टेबलाशी बसून केलेल्या भाषेची ही कल्पित जन्मकथा. तिच्यात प्रतिभावान एकटी नाही, देवानं कानात सांगितलेले शब्द नाहीत. उलट समाजानं अडगळीत टाकलेल्या बायका आहेत आणि त्यांनी हातातलं काम न थांबवता केलेली भाषा आहे.

बाराव्या शतकात जर्मनीत हिल्डेगार्ड नावाच्या मठप्रमुख जोगिणीनंही एक अज्ञात भाषा रचली होती. हजारेक शब्द, बहुतेक नामं. ती कशासाठी, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मला तिच्याबद्दल आदर आहे, पण तिच्या शब्दांभोवती मैत्रिणी दिसत नाहीत. एल्जिनबाईंनी आपल्या भाषेभोवती आधी मैत्रिणी उभ्या केल्या.

याच्या अगदी उलट घडलं चीनमध्ये. हुनान प्रांतातल्या ज्यांगयोंग या डोंगराळ भागात बायकांची एक लिपी होती, न्यूशू. हीसुद्धा बनवलेली, पण भाषा नव्हे, लिपी. बोली गावातलीच, लिहायची अक्षरं मात्र बायकांची. शेतकऱ्यांच्या घरातल्या या बायकांना पुरुषांची चिनी लिपी शिकवली जात नसे. मग मानलेल्या बहिणी एकमेकींना या तिरक्या, बारीक अक्षरांत लिहीत, पंख्यावर, कापडावर, कागदावर. मुलगी सासरी गेली की तिसऱ्या दिवशी तिच्याकडे मैत्रिणींनी आणि घरच्या बायकांनी लिहिलेली वही पोचवत. तिच्यात ताटातुटीचं दुःख असे, धीर असे आणि पुढे तिला स्वतःला लिहायला काही पानं कोरी असत. बाई मेली की तिच्या वह्या बऱ्याचदा तिच्याबरोबरच जाळत किंवा पुरत, म्हणून जुने नमुने फारसे उरले नाहीत. बाहेरच्या विद्वानांच्या नजरेला ही लिपी पडली 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे एल्जिनबाई लाआदान रचत होत्या जवळपास त्याच काळात. आईकडून, आत्याकडून ही लिपी शिकलेल्या शेवटच्या बायकांपैकी यांग ह्वान्यी 2004 मध्ये वारल्या.

या लिपीची जन्मकथा काय सांगतात? तिथे एक दंतकथा प्रसिद्ध आहे. त्या भागातली एक सुंदर, हुशार मुलगी सोंग घराण्याच्या काळात सम्राटाच्या राजवाड्यात नेली गेली. तिथे ती एकटी पडली. मनातलं दुःख पहारेकऱ्यांना न कळता माहेरी कळवता यावं म्हणून तिनं ही अक्षरं शोधून काढली. अभ्यासकांना या कथेत फारसं तथ्य वाटत नाही. अक्षरं पाहिली तर चालू चिनी लिपीतलीच अनेक चिन्हं बायकांनी आपल्या हाताला सोयीची करून घेतलेली दिसतात, आणि असं काम एका रात्रीत, एका हातून होत नाही.

माझं डोकं इथे अडकलं. चुलीपाशी, शेताच्या बांधावर, भरतकाम करता करता अनेक बायकांनी जे घडवलं, त्याच्या जन्माचं श्रेय दंतकथेनं राजाच्या एका राणीला दिलं. आणि जे एका शिकलेल्या बाईनं घडवलं, त्याच्या जन्माचं श्रेय तिनं स्वतः होऊन अडगळीतल्या म्हाताऱ्यांना दिलं. दोन्ही कथा कल्पितच. पण पहिली सामान्य बाईला पुसते, दुसरी तिला उभी करते. माझ्या अहवालातलं वाक्य कोणत्या जातीचं होतं, हे सांगायला नको. मी राणीच्या जागी संस्था बसवली, एवढाच फरक.

एल्जिनबाईंच्या कथेवर मी भाळले आहे हे कबूल करते, पण तिच्यातली गोम सांगितली पाहिजे. कादंबरीतल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जी भाषा घडवली, ती खऱ्या जगात कुणीच घडवली नव्हती. शब्दांना इतिहास मिळाला, पण तो जगलेल्या बायका नव्हत्या. दहा वर्षं संपली तेव्हा एल्जिनबाईंनी स्वतःच सांगून टाकलं की प्रयोग फसला. बायकांनी लाआदान उचलली नाही आणि तिच्याऐवजी दुसरी चांगलीही केली नाही. त्याच काळात दूरदर्शन मालिकेतल्या आणि सिनेमातल्या लढवय्या परग्रहवासीयांसाठी बनवलेली क्लिंगॉन मात्र फोफावली. 1985 मध्ये तिचा शब्दकोश निघाला आणि 1992 मध्ये तिच्या अभ्यासासाठी चक्क संस्था निघाली. यावर खूप बोलता येईल. मला एवढंच वाटतं की भाषा न रुजण्याचा दोष बायकांच्या माथी मारू नये. तयार कपडे अंगावर बसले नाहीत तर अंगाला दोष देत नाहीत.

शिवाय 'बायकांची भाषा' म्हणताना कुठल्या बायका? आपल्याकडे हा प्रश्न 1990 च्या दशकात दलित स्त्रियांनी चळवळीला रोखठोक विचारला. दलित स्त्रिया वेगळं बोलतात, याच आशयाच्या शीर्षकाचा लेख 1995 मध्ये गोपाळ गुरूंनी लिहिला आणि 1998 मध्ये शर्मिला रेगे यांनी त्याच शीर्षकाखाली तो वाद पुढे नेला. आमच्या मावशींनी त्यातलं काही वाचलेलं नाही. पण 'राबसण' या शब्दात त्या मावत नाहीत हे त्यांना पाच मिनिटांत कळलं. ज्या घरची मालकीण 'माझा राबसण' म्हणून सुस्कारा टाकते, त्याच घरची भांडी त्या त्या दिवशी घासतात. शब्द बायकांच्या बाजूचा असला म्हणजे तो सगळ्या बायकांच्या बाजूचा असतोच असं नाही.

एवढं सगळं म्हणूनही लाआदानमधली एक गोष्ट मला सोडवत नाही, आणि ती आपल्या कामाशी थेट जोडलेली आहे. या भाषेत विधानाच्या शेवटी एक छोटं अक्षर येतं. बोलणारीला ही गोष्ट कशी कळली, हे ते अक्षर सांगतं. मी स्वतः पाहिलं-अनुभवलं, याला एक. उघडच आहे, याला दुसरं. स्वप्नात पाहिलं, याला वेगळं. दुसऱ्याकडून ऐकलं आणि त्याच्यावर माझा विश्वास आहे, याला एक. ऐकलं पण सांगणाऱ्यावर विश्वास नाही, याला आणखी एक. या शेवटच्या दोन्हींत अक्षरं तीच आहेत, सूर कोणत्या स्वरावर चढतो एवढाच फरक. वाक्याच्या सुरुवातीलाही एक शब्द असतो. हे सांगणं आहे, विचारणं आहे, विनंती आहे, वचन आहे की ताकीद, हे तो सांगतो. आज्ञेसाठीही शब्द आहे, पण तो लहान मुलांखेरीज क्वचितच वापरायचा. त्याला शेपूट जोडून रागानं, दुःखानं, प्रेमानं की थट्टेनं बोलते आहे हेही दाखवता येतं. "मी तर गंमत केली, तुलाच लागलं" असं म्हणून हात झटकायची सोय नाही!

हे एल्जिनबाईंनी हवेतून आणलेलं नाही. कळलं कसं, हे व्याकरणातच सांगणाऱ्या भाषा अमेरिकेच्या मूळनिवासींत आहेत, तुर्की भाषेतही ती सोय आहे. आणि आपल्या मराठीत? आपल्याकडे 'म्हणे' आहे. "ती माहेरी गेली" आणि "ती माहेरी गेली म्हणे" यांत केवढं अंतर! पण हा 'म्हणे' आपल्याकडे कुणाच्या बोलण्याला चिकटतो ते पाहा. सल्ला केंद्रात येणारी बाई सांगते, "त्यानं मला लाटण्यानं मारलं." पाठीवर वळ असतात. हे तिनं सोसलेलं आहे. हेच शेजारी सांगताना "मारलं म्हणे" होतं, सासरच्या तोंडी "मारलं म्हणते" होतं, आणि कागदावर येईपर्यंत "मारहाण केल्याचे तिचे म्हणणे आहे" असं होऊन जातं. कागदाला तसं लिहावं लागतं, हे मला कळतं. पण त्या प्रवासात एक गोष्ट हरवते. अविश्वास कुणाचा आहे? लाआदानमध्ये तो ऐकणाऱ्याला स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या नावावर घ्यावा लागतो : 'हे मी तिच्याकडून ऐकलं आणि माझा तिच्यावर विश्वास नाही.' मराठीत संशय असा काही वाऱ्यावरून येतो की तो कुणाचाच नसतो आणि बाईच्या डोक्यावर मात्र बसतो.

केंद्रातल्या आमच्या नोंदींत यावरून आम्ही एक बदल केला. बाईचं निवेदन लिहिताना तिनं पाहिलेलं-सोसलेलं वेगळं, तिला दुसऱ्यानं सांगितलेलं वेगळं, आणि कार्यकर्तीचा अंदाज असेल तर तो कार्यकर्तीच्या नावानं वेगळा. ज्या नव्या मुली समाजकार्याची पदवी घेऊन येतात त्यांना हे सुरुवातीला किचकट वाटतं. मलाही प्रशिक्षणात हे कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या, तर त्यांत माझं मत आणि बाईचं बोलणं असं काही कालवलेलं सापडलं की आज मलाच ते निवडता येत नाही.

आणि तसंच शब्दांचं. आपल्या चळवळीनं गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत किती शब्द घडवले किंवा वापरात रुळवले! 'लिंगभाव' आला. 'टाकलेली' म्हणून हिणवल्या जाणाऱ्या बाईसाठी आपण 'परित्यक्ता' म्हणू लागलो, मग त्या शब्दातही टाकणारा नवराच बसला आहे हे ध्यानात आलं आणि 'एकल महिला' म्हणू लागलो. प्रत्येक बदलामागे कुठल्या तरी शिबिरात, मेळाव्यात, रात्री सतरंजीवर पडल्या पडल्या वाद झालेला असणार. कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं असणार, "मला हा शब्द लागतो." तिचं नाव आपल्या कागदांत सहसा सापडत नाही. ठराव सापडतो, परिषदेची तारीख सापडते, छापील अहवाल सापडतो. अहवाल लिहिणाऱ्या आपण, माझ्यासारख्या. मग पन्नास वर्षांनी कुणी अभ्यासक आली की ती न्यूशूच्या दंतकथेसारखीच एखादी राणी शोधून काढील, आणि त्यात तिची चूक नसेल.

एल्जिनबाईंना इतिहास कल्पावा लागला, कारण त्यांच्या भाषेला तो नव्हता. आपल्या शब्दांना तो आहे आणि आपण तो लिहीत नाही.

अहवालातलं ते वाक्य मी बदललं. ज्या बाईनं शब्द दिला तिला विचारलं, नाव घालू का? ती म्हणाली, "नाव नको, घरी वाचतील. पण शनिवारच्या बायकांनी केला असं लिहा. आणि हसत हसत केला, तेही लिहा." तसं लिहिलं आहे. शिवाय गटात एक शंभर पानी वही केली आहे. शब्द, तो कधी निघाला, तेव्हा काय चाललं होतं, कुणाला पटला आणि कुणाला पटला नाही, एवढं तिच्यात लिहायचं. लिहिण्याची पाळी आळीपाळीनं. जिला लिहिता येत नाही तिनं सांगायचं आणि लिहिणारीनं तिचेच शब्द उतरवायचे. आतापर्यंत सतरा शब्द झाले. त्यांतले पाच-सहा कुणी वापरत नाही, ते मेले. तेही वहीत राहू दिले आहेत.

'राबसण'च्या नोंदीखाली 'कुणाला पटला नाही' या रकान्यात मावशींचं म्हणणं आहे, त्यांनी म्हटलं तसंच. समोर त्यांच्या शब्दासाठी जागा सोडली आहे. एक-दोघींनी शब्द सुचवले, मावशींनी मान हलवली नाही. गेल्या शनिवारी त्या म्हणाल्या, "घाई नको. दिवाळी येऊ दे, भांडी घासताना सुचंल."

तुमच्या गटात असे घरचे शब्द निघाले असतील तर मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. नुसता शब्द आणि अर्थ नको; तो कुणात, कसा निघाला आणि त्यावर कोण भांडलं, तेही लिहा.